परभणीच्या पोटातली बारव

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ ही कादंबरी छापली, तेव्हा प्रस्तावनेत एक अडचण मोकळेपणानं मांडली होती. आपल्या लोकांची राहणी, आपली लग्नं, आपले उद्योग यांत वाचणाऱ्याचं मन धरून ठेवील असं फारसं काही नसतं. आहे तसं लिहायला बसलं तर गोष्टच उभी राहत नाही, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दीडशे वर्षांनंतर मी पेडगावात बसून परभणी शहरावर एक काळोखी, अद्भुत कादंबरी लिहिते आहे आणि रिसबुडांशी माझं मनातल्या मनात सतत भांडण चालू असतं. परभणीत अद्भुत बाहेरून आणावं लागत नाही. इथं जे घडून गेलं आहे, त्यातलं किती वाचकाला सोसवेल, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

कादंबरी थोडक्यात अशी. नायिका महानगरपालिकेच्या कर विभागात कारकून आहे. जुन्या मालमत्तांची फेरमोजणी करताना तिच्या हाती निजामाच्या काळातली एक उर्दू नोंद लागते. चतुःसीमा स्पष्ट लिहिलेली आहे: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस मशीद, उत्तरेस वाडा. चारही हद्दी नानलपेठेत आजही बोट ठेवून दाखवता येतात, पण त्यांच्या मधे जागाच नाही. भिंतीला भिंत लागली आहे. त्या नसलेल्या जागेत एक बुजवलेली बारव आहे. तिच्या पायऱ्या उतरून जो खाली जातो तो परभणीतच बाहेर पडतो, त्याच रस्त्यांवर, पण तिथं कायम दुपारचे बारा वाजलेले असतात. तिथं मागाल ते मिळतं. किंमत मागणाऱ्यानं भरायची नसते, त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी आणून उभं करावं लागतं.

हा शेवटचा भाग सुचला आणि मी मराठी भयकथेचा माग काढत मागे मागे गेले. मराठी छापील पुस्तकांच्या अगदी आरंभीच्या पिढीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आहे, १८३० ची. लहानपणी आपण त्यातली कोडी ऐकतो आणि चौकट विसरून जातो. विक्रम राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन येतो ते एका योग्याच्या सांगण्यावरून. योग्याला सिद्धी हवी आहे आणि तिच्यासाठी त्याला राजाचाच बळी द्यायचा आहे. वेताळ उलट राजाला सावध करतो. भीती झाडाला लोंबकळणाऱ्या प्रेताची वाटते, धोका मात्र खाली आसन मांडून बसलेल्या माणसाकडून असतो. नंतरच्याही ज्या मराठी गोष्टी माझ्या मनात रुतल्या, त्यांत भूत आपणहून आलेलं नाही. काहीतरी मागायचं म्हणून त्याला कुणीतरी बोलावलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. विधवेचं केशवपन, सासरचा जाच, घरातल्या बाईचं मन हे सगळं कादंबरीत आलं आणि अद्भुताला मागच्या दारानं बाहेर जावं लागलं. ते योग्यच झालं असं मी मानते, कारण या कादंबरीतल्या यमूची कहाणी कुठल्याही राजकन्येच्या कहाणीपेक्षा भयंकर आहे. पण बाहेर गेलेलं अद्भुत मेलं नाही. ते नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये गेलं, बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांच्या शेजारी जाऊन बसलं, आणि दिवाळी अंकांत शिरलं. ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंकाची चाल पाडली, पुढं अनंत अंतरकरांचं ‘नवल’ आणि त्यानंतर ‘धनंजय’ यांनी गूढकथेला दर दिवाळीला हक्काची जागा दिली. समीक्षकांनी या साहित्याकडे पाहिलं नाही. त्याला सांभाळलं ते भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांनी, आणि त्यांच्यामुळेच ते पेडगावापर्यंत पोचलं.

पेडगावचं स्टेशन मनमाड–सिकंदराबाद लाईनवर, मानवत रोड आणि परभणी यांच्या मधे आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात ही लाईन पडली तेव्हा ती मीटर गेज होती आणि १९९० च्या दशकापर्यंत तशीच राहिली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पॉइंट्समन होते. मीटर गेजच्या काळात एकेरी लाईनवर टोकन घेतल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही, आणि दोन गाड्यांच्या मधल्या रात्री फार लांब असायच्या. दादा आठवड्याच्या सुटीला परभणीला जाऊन स्टेशन रोडच्या एका लायब्ररीतून पुस्तकं आणायचे. लाल रेक्झिनची बांधणी, कोपऱ्यांना कापडी पट्टी, आणि तेराव्या-चौदाव्या पानावर निळा शिक्का, म्हणजे कव्हर फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणून दाखवू नये. त्या लाल पुस्तकांतली निम्मी नारायण धारपांची असत. दादा ती कंदिलाच्या उजेडात स्टेशनवर वाचायचे, घरी आणायचे, आणि मी ती चोरून वाचायचे. आईला हे पसंत नव्हतं, आणि तिचं कारण मला फार उशिरा कळलं. ते पुढं येईलच.

धारप (१९२५–२००८) आज पुन्हा वाचले जातात याचं मला मनापासून समाधान आहे. त्यांचं बळ त्यांच्या साध्या गद्यात आहे. कुणीतरी नोकरदार माणूस, बहुधा मध्यमवयीन, बदलीच्या गावी किंवा भाड्याच्या घरात येतो आणि हिशेब लिहावा तितक्या शांतपणे काय काय झालं ते सांगतो. ‘चंद्रविलास’ हे एका घराचं नाव आहे. ‘४४० चंदनवाडी’ हा तर सरळ पत्ताच आहे, पोस्टमन घेऊन जाईल असा. पिंपळावरचं आणि पडक्या विहिरीवरचं भय धारपांनी घर क्रमांकात आणून बसवलं. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली तेव्हाही परकं गाव इतकं आपलं करून टाकलं की मला कितीतरी वर्षं ते मूळ इथलंच वाटत होतं. आणि ‘समर्थ’ या ज्ञानी माणसाच्या त्यांच्या कथांमध्ये त्याला पुन्हा पुन्हा जे निस्तरावं लागतं ते कुणाच्या तरी हव्यासानं उघडलेलं दार असतं.

रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) वेगळी वाट काढली. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ या संग्रहांतलं भय माणसाच्या डोक्यात घडतं आणि बऱ्याचदा भूत आहे की नाही हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. ते नाटकवाले होते, त्यामुळे पडदा कुठं पाडायचा हे त्यांना अचूक कळायचं. माझ्या कादंबरीत प्रकरणं कुठं थांबवायची हे मी मतकरींकडून शिकते आहे. पण माझं शहर मला त्यांच्याकडून मिळणार नव्हतं.

पडद्यावरचं मराठी मातीतलं भय पाहिलं की बहुतेक वेळा पाऊस पडत असतो. २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये, ज्याचं बीज धारपांच्या कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून आलं आहे, पाऊस थांबतच नाही. २०२४ चा ‘मुंज्या’ही कोकणातच. गर्द झाडी, शेवाळलेला चिरा, ओला वाडा. आमच्याकडे यातलं काही नाही. पेडगावच्या शिवारात काळी जमीन आडवी पसरलेली आहे. कापूस वेचून झाला, तूर काढली की नजर थेट आभाळाला भिडते. लपायला जागाच नाही, आणि इथलं भय त्यातूनच येतं. चकवा लागतो तो जंगलात नाही, सपाट रानात. माणूस रात्रभर एकाच बांधाभोवती फिरत राहतो. आणि आमच्या आज्यांनी सांगितलेली वाईट वेळ जितकी अमावास्येची तितकीच भर दुपारची. बारा वाजता विहिरीवर एकटीनं जायचं नाही, तिथं पाण्यातल्या आसरा असतात. मे महिन्यात परभणीच्या वसमत रोडवर बारा वाजता उभं राहून पाहावं: दुकानांची शटर अर्धी ओढलेली, कुत्री गटारात, डांबर मऊ झालेलं, माणूस नाही. सावली पायाखाली गोळा होते. माझ्या कादंबरीतल्या खालच्या परभणीत म्हणून रात्र होत नाही.

शहर मात्र मला मिळालं ते भयकथा न लिहिणाऱ्या एका लेखकाकडून. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ साली सातोन्याला जन्मले. सातोना आमच्याच रेल्वेलाईनवर आहे. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ पासून जालन्यात गेलं. त्यांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली. राज्यकारभाराची भाषा उर्दू, शिक्षणावर तिचाच पगडा, मराठी पुस्तक छापायचं तर पुण्या-मुंबईकडे पाहायचं, अशा काळात हा माणूस दिवसा कचेरीत बसून कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत राहिला: ‘ओ!’, ‘बाबू दडके’, ‘जगाला कळलं पाहिजे’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीतच ते गेले, वय अवघं चाळीस. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. त्यांच्या कादंबऱ्या वाचलेली माणसं मला फार भेटत नाहीत, आणि याची मला खंत आहे. मराठवाड्यातल्या कारकुनाचं, त्याच्या तुटपुंज्या पगाराचं आणि मनात कोंडलेल्या बंडाचं जग मराठी कादंबरीत त्यांनी आणलं. माझी नायिका कर विभागात कारकून आहे ती त्यांच्यामुळे. अद्भुत कादंबरीची नायिका निवडलेली, जन्मतःच काही शक्ती असलेली असण्याची एक रीत जगभर आहे. माझ्या नायिकेकडे फक्त नोंदवही आहे, आणि नोंद तपासून पाहण्याची सवय.

आता मानवत.

मानवत पेडगावहून लांब नाही. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत त्या गावात आणि भोवतालच्या शिवारात मुलींचे आणि बायकांचे खून होत राहिले. मोठ्या दुष्काळाचा तो काळ. पिंपळाखाली गुप्तधन आहे, झाडावरचा मुंजा रक्त मागतो, ते दिलं की धन हाती लागेल आणि मूलबाळ होईल, ही समजूत त्यामागे असल्याचं तपासात पुढं आलं. मुंबई पोलिसांतले रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवण्यात आलं. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. अमोल पालेकरांनी १९८१ साली यावर ‘आक्रीत’ हा चित्रपट केला, विजय तेंडुलकरांनी तो लिहिला. २०२४ मध्ये कुलकर्णींच्या पुस्तकावर आधारलेली मालिका आली आणि परभणीतल्या तरुण मुलांना पहिल्यांदा हे सगळं कळलं. पहिल्यांदा, कारण घरात कुणी बोलत नसे.

माझी आई तेव्हा लहान होती आणि तिचं माहेर मानवत-पाथरीच्या बाजूचं. शेण गोळा करायला, सरपणाला, पाण्याला पोरी एकट्या जायच्या, ते एकाएकी बंद झालं. तिची शाळाही त्याच काळात सुटली. पुन्हा सुरू झाली नाही. मी दादांची धारपांची पुस्तकं वाचायचे तेव्हा ती हातातून ओढून घ्यायची, पण का ते सांगायची नाही. ‘आक्रीत’बद्दल मी विचारलं तेव्हा कुठं ती बोलली. “आम्हाला भुताचं भेव नव्हतंच बाई,” ती म्हणाली. “कोण्या माणसाला पोरगी लागायलीय, ते कळत नव्हतं.”

तिच्या या बोलण्यानंतर कादंबरीचा मधला भाग मी बाजूला ठेवला आणि वेगळा लिहायला घेतला. त्या भागात बारवेखालचं शहर फार देखणं झालं होतं. त्याचे नियम होते, पहारेकरी होते, पाण्याचे सात दरवाजे होते, आणि ज्यांना तिथं आणून उभं करायचं त्या मुली नुसत्या वळणावळणावर लागणाऱ्या खुणा होत्या. नव्या खर्ड्यात प्रत्येक प्रकरण अशा एका मुलीच्या साध्या दिवसानं सुरू होतं: तिनं सकाळी काय खाल्लं, कुणाशी अबोला धरला, शाळेच्या हजेरीपटात तिचं नाव कितवं. मी शाळेत शिकवते. हजेरीपटात एका नावापुढं गैरहजेरीची खूण सलग पडायला लागली की पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. खऱ्या मानवतमधलं एकही नाव, एकही घर, एकही घटना मी घेतलेली नाही आणि घेणार नाही. बळी गेलेल्यांची माणसं आज हयात आहेत, इथंच राहतात.

यावर मला एक रास्त प्रश्न विचारला जातो. मराठवाड्यात आजही गुप्तधनाच्या नादानं खड्डे खणले जातात, अंगात येणाऱ्यांपुढं लेकरं झोपवली जातात, आणि तू भुताची कादंबरी लिहितेस? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याची मी समर्थक आहे आणि शाळेत तो समजावून सांगते. कादंबरी लिहिताना मला तो प्रश्न टाळायचा नाही. माझं उत्तर वेताळपंचविशीच्या त्या चौकटीत आहे. आसन मांडून बसलेल्या योग्याकडे बोट दाखवणारी गोष्ट अंधश्रद्धा वाढवत नाही. माझ्या कादंबरीत खलपुरुष भूत नाही. तो बाजारपेठेतला मानाचा माणूस आहे, गणेश मंडळाला वर्गणी देतो, उरुसात सरबताची गाडी लावतो, आणि त्याला आणखी हवं आहे. बारव त्याला काही सांगत नाही. ती फक्त ऐकते. मात्र दर्ग्यात ‘बाहेरचं’ झालं म्हणून गुरुवारी येऊन बसणाऱ्या बायकांना मी या रांगेत उभं केलेलं नाही. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा हिंदू-मुसलमान सगळी परभणी तिथं लोटते. तिथं बसलेल्या बाईला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की कुणीतरी तिचं दुखणं खरं मानावं. तिचं मागणं आणि त्या मानकऱ्याचं मागणं यांत जो फरक आहे तो कादंबरीत नीट उतरला पाहिजे, आणि त्यावर सध्या माझा सगळ्यात जास्त वेळ जातो.

नोंदवहीचा धागा मला वर्तमानकाळानं दिला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळं मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतली निजामकालीन दप्तरं मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आमच्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक, ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन माणसं बसू लागली. त्यांनी मला खासरा पत्रक कसं वाचतात, मुंतखब म्हणजे काय, एका फराट्यावरून जमिनीचा मालक कसा बदलतो हे दाखवलं. ज्या कागदांवर एका पिढीनं नजरही टाकली नव्हती ते लेकरांच्या शिक्षणाचं, नोकरीचं भवितव्य ठरवू लागले. यापेक्षा मोठी जादू मी रचू शकत नाही.

बारवही खरी आहे. म्हणजे नानलपेठेखालची नाही. ती मी रचली. पण या जिल्ह्यात चारठाण्याला बारव आहे, पिंगळीला आहे, आणि सेलू तालुक्यातल्या वालूरला तर पायऱ्या गोल फिरत खाली जाणारी चक्राकार बारव आहे, जिच्यासारखी दुसरी मी कुठं पाहिली नाही. ती कचऱ्यानं आणि गाळानं भरून गेली होती. गावातल्या लोकांनीच ती मोकळी केली. अशा कितीतरी बारवा गावोगाव बुजवल्या गेल्या आणि त्यांच्यावर घरं चढली. शहराखाली पाणी आहे आणि शहर टँकरची वाट पाहतं, हे वाक्य मी नायिकेच्या तोंडी घातलं होतं. ते काढून टाकलं. तिनं ते बोलायची गरज नाही, तिच्या गल्लीत टँकर येतो.

खर्डा आता अशा ठिकाणी आहे की नायिका चतुःसीमेच्या मधल्या त्या नसलेल्या जागेसमोर उभी आहे आणि महानगरपालिकेच्या मजुरांकडून तिला गाळ उपसून घ्यायचा आहे. हे प्रकरण कामाच्या तपशिलांवर उभं राहणार: पाणी आधी मोटर लावून काढतात की हातानं, पहिल्या पायरीचा दगड लागला हे कसं कळतं, गाळ कुठं नेऊन टाकतात, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर कोण धरतं, विषारी हवेची परीक्षा कशी घेतात. हे पुस्तकांत सापडत नाही. दिवाळीच्या सुटीत वालूरला जाऊन ज्यांनी ती बारव उपसली त्यांनाच विचारायचं ठरवलं आहे, आणि आईनं सोबत यायचं कबूल केलं आहे.